हळवी जागा

शाळेची शिपाईबाई देल्फिना हिला आमच्या डोंगरातल्या प्रारोसा गावात काही वर्षं सगळे ‘हळवी बाई’ म्हणून चिडवायचे. ती हळवी मुळीच नव्हती. दगडाच्या खाणीत काम करून छाती खराब झालेल्या नवऱ्याला तिने एकटीने माती दिली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा जिना पुसला होता. नाव पडलं ते कायद्यामुळे.

झालं असं, की प्रांताच्या सरकारला एके दिवशी जाग आली. बारमध्ये, तंबाखूच्या दुकानात, कुठेही भिंतीला लागून जुगाराची यंत्रं उभी होती, त्यांच्यात लोकांचे पगार जात होते, आणि जाणाऱ्या प्रत्येक नाण्यातला वाटा सरकारलाही मिळत होता. वाटा सोडवत नव्हता आणि लाजही वाटत होती. मग मधला मार्ग निघाला. शाळा, चर्च, दवाखाना, खेळाचं मैदान या ‘संवेदनशील जागा’ ठरल्या, आणि छोट्या गावात त्यांच्यापासून चालत तीनशे मीटरच्या आत यंत्र ठेवायला बंदी आली. संवेदनशील म्हणजे काय, असं पहिल्यांदा बारवाल्या जिनेत्तोनेच विचारलं, आणि त्याचं उत्तरही त्यानेच दिलं, “म्हणजे हळवी जागा. बोट लागलं की दुखते ती.” सगळा बार हसला.

पालिकेचा माणूस दांड्याला चाक लावलेलं मोजमापाचं यंत्र ढकलत आला. चर्च वर टेकडीवर, वाट वळणावळणाची. ते अंतर जास्त भरलं. देव तसाही आमच्यापासून जरा लांबच राहायचा. मग त्याने शाळेच्या दारापासून चाक फिरवलं, चौक ओलांडला, कारंज्याला वळसा घातला आणि जिनेत्तोच्या उंबऱ्याशी थांबला. शंभरसुद्धा भरले नाहीत. यंत्रं गेली. भिंतीवर त्यांच्या आकाराचे पांढरे डाग राहिले.

“तुझ्या शाळेने माझं पोट मारलं, हळवे बाई,” जिनेत्तो म्हणाला.

“तुझं पोट बघ एकदा आरशात,” देल्फिना म्हणाली. “मारलं तरी महिनाभर मरायचं नाही ते.”

हसून बोलली, पण घरी जाऊन ती स्वयंपाकघरात बसून रडली. आनंदाने. त्या यंत्रांपैकी कोपऱ्यातलं, चेरीची चित्रं फिरणारं, तिच्या लोरिसला गिळून बसलं होतं.

लोरिस तिचा एकुलता एक. बापासारखाच खाणीत दगडाच्या फरश्या कापायचा, हात सोन्याचे होते. कधी लागलं ते वेड, कुणाला कळलं नाही. आधी पगार गेला, मग बापाची लाकूड कापायची करवत, मग बायकोच्या गळ्यातली साखळी. नोएमी, त्याची बायको, तोंडाने फटकळ पण सहनशील बाई. तिने पुष्कळ दिवस मूग गिळले. एकदा लोरिस लहानग्या एलियाला घेऊन दूध आणायला गेला आणि पोराला बारबाहेरच्या बाकावर थंडीत विसरून आत खेळत बसला. त्या दिवशी नोएमीने बॅग भरली आणि मुलाला घेऊन ती खाली शहरात निघून गेली.

यंत्रं हलली आणि लोरिस हळूहळू माणसात आला. शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात जायला लागला. तिथल्या बाईंच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच स्वतःला बंदी घालून घेतली. आमच्याकडे तशी सोय आहे: आपला ओळख क्रमांक देऊन लिहून द्यायचं, की मला खेळू देऊ नका, मग इंटरनेटवरच्या सरकारमान्य जुगारात त्या नावाने कुणी आत घेत नाही. तो जेवायला लागला. आईच्या हातच्या पोलेंटाला, मक्याच्या पिठाच्या त्या घट्ट लापशीला, नावं ठेवायला लागला, तेव्हा तर देल्फिनाला खात्रीच पटली की पोरगं बरं होतंय.

म्हणून शाळा बंद होणार असं कानावर आलं, तेव्हा तिने हजेरीपट उघडून मुलं मोजली.

आमची शाळा म्हणजे एक खोली, एक शिक्षिका, आणि वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकाच फळ्यासमोर. मुलं कमी होत चालली होती. मारिलेना बाई, शिक्षिका, एके दुपारी डबा उघडता उघडता म्हणाल्या, “देल्फिना, पुढच्या वर्षी एक मूल कमी पडतंय. एकच. नाही मिळालं तर कुलूप.”

“आणि कुलूप लागलं तर?”

“मुलं बसने खाली जातील. मला दुसरीकडे टाकतील, तुलाही टाकतील. नोकरी नाही जायची, घाबरू नकोस.”

देल्फिना नोकरीला घाबरलीच नव्हती. शाळा गेली की हळवी जागा गेली. हळवी जागा गेली की जिनेत्तोच्या भिंतीवरचे पांढरे डाग पुन्हा झाकले जाणार. तिने चौकात बघितलं. यंत्रांचा ठेकेदार फास्सियो जिनेत्तोबरोबर उभ्या उभ्या कॉफी पीत होता आणि शाळेकडे हसून बघत होता. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की दूरचे नातेवाईक जसे घराच्या खोल्या न्याहाळतात, तसं.

एक मूल. देल्फिनाने सगळं गाव मनात पालथं घातलं. वरच्या वाडीतल्या मेंढपाळाची मुलगी अजून पाळण्यात होती. मग तिला जे आधीपासूनच सुचलं होतं, ते तिने स्वतःपाशी कबूल केलं, आणि रविवारी बस पकडून ती नोएमीच्या घरी गेली.

नोएमी वृद्धाश्रमात पाळीने काम करायची. एलियाला शेजारणीकडे सोडायची, कधी तो एकटाच थांबायचा. देल्फिनाने बरोबर त्याच दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलं.

“सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहू दे. माझ्याच शाळेत येईल. दोन्ही वेळेला गरम खाईल. शनिवारी तुझ्याकडे.”

नोएमी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. “आणि तुमचा मुलगा?”

“तो सुधारलाय गं. तू ये, बघ. केंद्रातल्या बाईंना विचार.”

“विचारलंय मी. त्या पण तेच म्हणतात.” तिने घडी घातलेला शर्ट मांडीवर ठेवला आणि सरळ सासूच्या डोळ्यांत बघितलं. “एक खरं सांगा. मुलासाठी बोलावताय, की शाळेसाठी?”

“मुलासाठी,” देल्फिना म्हणाली.

खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नाही, आणि याचं तिला पुढे फार वाईट वाटत राहिलं. नोएमीने मांडीवरचा शर्ट उचलून कपाटात ठेवला. शेवटी म्हणाली, “त्याला एकट्याला पोराजवळ सोडायचं नाही. तुमच्या नजरेसमोर दोघं.”

“मी आहे ना.”

शाळा वाचली. सप्टेंबरात एलिया नवं दप्तर पाठीला लावून वर्गात शिरला, तेव्हा मारिलेना बाईंनी देल्फिनाला मिठी मारली. जिनेत्तोने चौकातून ओरडून विचारलं, “काय गं, नातवाला आणून माझी धुलाई केलीस ना?” देल्फिनाने घंटा जरा जास्तच जोरात वाजवली.

ती नजर ठेवायची म्हणाली होती, तशी तिने ठेवली. हिवाळा लागला, तशी तिने लोरिसलाही शाळेतच ओढून घेतला. शाळा उबदार ठेवणारा बॉयलर जुना होता, त्याला माणूस लागायचा. दगडाचं काम थंडीत बंद असतं. घरात एकटा बसण्यापेक्षा इथे, डोळ्यांसमोर असलेला बरा. तिच्या हिशोबाने सगळ्या गावात याहून सुरक्षित जागा नव्हती. कायद्यानेच तसं म्हटलं होतं. लोरिस बॉयलरमध्ये जळणाच्या, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या टाकायचा, मोडकी बाकं नीट करायचा, आणि शाळा सुटली की एलिया बॉयलरच्या खोलीबाहेरच्या पायऱ्यांवर बसून पाव-चॉकलेट खायचा. देल्फिना वर्ग पुसत असताना तिला दोघांचं हसणं ऐकू यायचं. इतक्या वर्षांनी तिला स्वतःचं नशीब बरं वाटायला लागलं होतं.

त्याच सुमारास एलियाला खोकला लागला.

दिवसभर काही नाही. दुपारी, देल्फिना बादली घेऊन जिना उतरायला लागली की सुरू. कोरडा, मोठा. तिने दूध गरम करून त्यात चेस्टनटच्या फुलांचा काळा मध घातला. आजोबांचा लोकरी मफलर कपाटातून काढून त्याच्या गळ्यात बांधला. नवऱ्याची छाती तिने शेवटपर्यंत ऐकली होती, त्यामुळे खोकला म्हटलं की तिचा जीव टांगणीला लागायचा. गावात दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरने नळी लावून पुढून-मागून तपासलं.

“छाती स्वच्छ आहे, देल्फिना.”

“मग खोकतो कशाला?”

“मुलं खोकतात.”

“एवढं शिकून हेच शिकलात?” ती म्हणाली आणि पोराला घेऊन निघून आली. रात्री झोपेत तो एकदाही खोकला नाही. तिला तेवढ्यावरच बरं वाटलं. काही विचित्र आहे, असं मनात आलं नाही.

मग फेब्रुवारीतली ती दुपार. फरशी ओली होती म्हणून देल्फिनाने बूट काढून लोकरीच्या सपाता घातल्या होत्या, आणि बादली वरच राहिली होती. ती खाली आली ती आवाज न करता. एलिया पायरीवर बसून पाय हलवत गुणगुणत होता. खोकला नाही, काही नाही. त्याने मान वळवली, आजीला बघितलं, दचकला, आणि तोंड बॉयलरच्या खोलीच्या दाराकडे करून जोरजोरात खोकायला लागला.

तो तिच्याकडे बघून खोकला असता, तर तिला अजूनही कळलं नसतं. तो दाराकडे बघून खोकला.

“एलिया,” ती म्हणाली, “खोकलास कशाला?”

पोराने बंद दाराकडे बघितलं.

“रागावत नाही मी. सांग.”

“माझं काम आहे ते.” त्याने मान ताठ केली. “तू घंटा वाजवतेस ना, तसं. तू आलीस की मी खोकायचं.”

“कुणी दिलं हे काम?”

“पप्पांनी. मी चांगलं करतो म्हणाले. पण तुला सांगायचं नव्हतं, पप्पा तुझ्यासाठी काहीतरी जिंकतायत.”

तिने दार ढकललं. लोरिस बॉयलरला टेकून उभा होता आणि त्याचा हात खिशातून नुकताच बाहेर येत होता.

“फोन दे,” ती म्हणाली.

“आई, अगं मी बातम्या...”

“दे म्हटलं ना!”

फोनच्या पडद्यावर चेरी फिरत होत्या. त्याच लाल, त्याच दोन-दोनच्या जोडीने. वरच्या कोपऱ्यात खेळणाऱ्याचं नाव होतं. देल्फिनाने चष्मा लावून वाचलं. तिचंच नाव होतं.

“मला बंदी आहे ना,” लोरिस खाली बघत म्हणाला. “म्हणून तुझं टाकलं. तुझं ओळखपत्र पर्समध्येच असतं.”

“घरात तर मोबाइल लागतसुद्धा नाही. गावात कुठे लागतो?”

“इथे लागतो. शाळेचं इंटरनेट आहे.”

त्या इंटरनेटचा परवलीचा शब्द तिनेच दिला होता. बॉयलर कसा दुरुस्त करायचा ते बघायचंय, म्हणून त्याने मागितला होता. ती लाकडाच्या गोळ्यांच्या पोत्यावर बसली. तिला त्या पालिकेच्या माणसाचं चाक आठवलं. दारापासून दारापर्यंत मोजायचं, असं कायदा सांगत होता. याला दारच नव्हतं. तिने आपल्या हाताने पोराला उबेला आणून बसवलं होतं, आणि नातवाला पहाऱ्याला.

लोरिस रडला. गुडघ्यावर बसून तिच्या मांडीत डोकं घालून, लहानपणी रडायचा तसा. “संपलं आई. घे तो फोन, फोडून टाक. आता नाही. एलियाची शपथ.”

“त्याची शपथ घ्यायची नाही,” ती म्हणाली. “परत त्याचं नाव घेतलंस तर बघ.”

फोन तिने कपाटात कुलपात ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर ती मारिलेना बाईंसमोर बसली आणि म्हणाली, “बाई, मला बंदी घाला.” बाईंना आधी काही कळेना. मग कळलं, तशा त्या निमूटपणे संगणकावर तिचा क्रमांक भरत गेल्या. जिने आयुष्यात पत्त्यांवरसुद्धा पैसे लावले नव्हते, तिने सरकारला लिहून दिलं की मला जुगाराचा नाद आहे, मला आवरा.

“किती काळासाठी, विचारतायत,” बाई म्हणाल्या.

“कायमची.”

त्यानंतर लोरिस खरंच शहाण्यासारखा वागला. केंद्रात पुन्हा जायला लागला, बसचं तिकीट आईला आणून दाखवायचा. देल्फिनाने नोएमीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोर गेलं असतं, पोर गेलं असतं तर शाळा, आणि शाळा गेली की पुढचं सगळं. फक्त जून येऊ दे, ती स्वतःला म्हणायची, हे वर्ष निघू दे.

एका संध्याकाळी ती पावाच्या दुकानातून घरी आली. किल्ली दारात फिरवली, आणि आतून एलिया खोकला.

ती पिशवी टाकून आत धावली. लोरिस टेबलाशी बसून बटाटे सोलत होता. तिने त्याला उभं केलं. कोटाचे खिसे, विजारीचे खिसे, बुटांच्या आतसुद्धा तिने हात घालून बघितलं, आणि त्या धिप्पाड माणसाने हात वर करून तपासू दिलं. काही नव्हतं. सुरीला बटाट्याची साल चिकटलेली होती, तेवढीच.

“आई, खरंच काही नव्हतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

तिने वळून बघितलं. एलिया भिंतीला पाठ लावून उभा होता आणि आजीकडून बापाकडे, बापाकडून आजीकडे डोळे फिरवत होता. आपलं काम चुकलं की काय, हे त्याला समजत नव्हतं.

“तू कशाला खोकलास, सोन्या? आता ते काम नाही ना राहिलं?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “किल्ली वाजली की येतो.”

देल्फिनाने जेवण वाढलं, पोराला झोपवलं आणि भिंतीवरच्या जुन्या तारेच्या फोनवरून नोएमीला शहरात फोन लावला.

“त्याला घेऊन जा,” ती म्हणाली.

नोएमीचा आवाज बदलला. “काय झालं? आजारी आहे?”

“खोकला आहे. माझ्याकडे बरा व्हायचा नाही.” आणि मग तिने सगळं सांगितलं. बॉयलरची खोली, फोन, पायऱ्या, मध-दूध. आपण त्या रविवारी खोटं बोललो, हेही सांगितलं. नोएमी ओरडेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं, आणि तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. नोएमी एवढंच म्हणाली, “मला कळलं होतं. मलाही त्याला ठेवायला कुणीतरी हवंच होतं.”

शनिवारी ती आली. दप्तर, मफलर, मधाची बाटली. लोरिसने मुलाला उचलून बसमध्ये बसवलं आणि बस वळणाआड जाईपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला. मग आईला म्हणाला, “या वेळी मी काही केलं नव्हतं. या वेळी तरी.” एका पोराला वाचवायला तिने दुसऱ्याचा हात सोडला होता, आणि हे त्यालाही समजत होतं.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. मारिलेना बाई रडल्या, पालिकेचा कुणीतरी येऊन दोन शब्द बोलला, देल्फिनाने शेवटची घंटा वाजवली आणि किल्ल्या दिल्या. शरदात, चेस्टनट गळायच्या दिवसांत फास्सियोची गाडी चौकात उभी राहिली. या वेळी चाक घेऊन कुणी आलं नाही. मोजायला काही उरलंच नव्हतं. जिनेत्तोने यंत्रं आत घेताना देल्फिनाला बघून मान खाली घातली. तोही काही राक्षस नव्हता, त्याला बारचं भाडं होतं. त्याने ‘हळवे बाई’ अशी हाक मारली नाही. त्यानंतर कुणीच मारली नाही.

पहिले काही आठवडे लोरिस चौकातून न जाता मागच्या गल्लीने जायचा. मग एकदा चौकातून गेला. मग कॉफीसाठी थांबला.

आता देल्फिना सकाळच्या बसने खाली शहरातल्या मोठ्या शाळेत जाते. तिथे घंटा आपोआप वाजते. कधीकधी कामावरून सुटल्यावर ती नोएमीकडे डोकावते. एलिया उंच झालाय, आजीला नवी वही दाखवतो. दाराची बेल वाजली की अजूनही एकदा घसा खाकरतो, पण कमी. परतीची बस तिला प्रारोसाच्या चौकात, जिनेत्तोच्या बारसमोर सोडते. काचेतून लोरिसची पाठ दिसते. कोपऱ्यात, त्याच जागी, मान थोडी पुढे काढलेली. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नसतं, हे तिला माहीत असतं, म्हणून पिशवीत थर्मासमध्ये गरम सूप असतं.

पहिल्या दिवशी ती सरळ आत गेली होती. तेव्हा लोरिसने वळून तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जी लाज आली ती बघून तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून ती बारच्या दाराशी येऊन थांबते. मूठ तोंडाशी नेते आणि मोठ्याने खोकते. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मुलाला उठून काउंटरपाशी यायला, कॉफीचा रिकामा कप पुढे ओढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा देऊन मग ती दार ढकलते.